ना

शाळा जळाली त्या पहाटे
आईनं मला घोंगडीत गुंडाळून टेकडीवर नेलं.
चिलोए बेटावर लाकूड बाराही महिने ओलं असतं,
तरी भिंतींच्या फळ्या अशा पेटल्या
जणू इतकी वर्षं काडीचीच वाट बघत होत्या.

मी सात वर्षांची. आठवतं ते एवढंच:
घंटा खाली कोसळल्याचा आवाज,
आणि माझी लोकरीची टोपी आत खुंटीवर राहिली
याचं रडू.

दुपारी पोलीस आला. बुटांना चिखल.
आईनं त्याला बटाट्याची गरम भाकरी दिली.
माझ्यासमोर उकिडवा बसून तो म्हणाला,
एलादियो ओयार्सोला तू शाळेपाशी पाहिलंस ना?

वाक्याच्या शेपटाला तो एवढासा ना.
लहान मुलाचं बोट धरून रस्ता ओलांडून देतात, तसा.
तीनदा विचारलं त्यानं.
पहिल्यांदा मी आईकडे पाहिलं,
दुसऱ्यांदा भाकरीकडे.
तिसऱ्यांदा म्हटलं, हो.

आणि पाहिलं होतंच की. रोज पाहायचे.
होड्या दुरुस्त करणारा हा माणूस
उजाडायच्या आत येऊन वर्गातल्या शेगडीत लाकडं भरायचा,
आम्ही पोचेपर्यंत ऊब असावी म्हणून.
याचे पैसे त्याला कुणी देत नव्हतं.
हे मला कुणी विचारलं नाही.

खोटं मी बोललेच नव्हते.
माझ्या खऱ्याला त्यांनी मागून ढकललं.

चौदा महिने तो तुरुंगात होता, समुद्रापलीकडे.
हेर्मेलिंदानं आधी मेंढ्या विकल्या, मग शिवणयंत्र,
मग दुकानात जाणंच सोडलं;
ती आत शिरली की गप्पा थांबायच्या,
कुणीतरी हातातली सुरी हळूच खाली ठेवावी तशा.
अर्धवट राहिलेल्या होडीच्या फटींतून गवत वर आलं.
शाळा आता चर्चमध्ये भरायची.
तिथं त्यांच्या मुलाला सगळे काडीपेटी म्हणायचे.
मीही म्हटलंय. एकदाच नव्हे.

मग राजधानीहून एक तपासनीस आला, सर्दी झालेला.
गोणीत भरून ठेवलेल्या भंगारातून
त्यानं धुराड्याचा तुकडा उचलला,
बोटभर जुनी चीर दाखवली,
नाक पुसलं, सही केली,
आणि पुढच्या बोटीनं गेलासुद्धा.

एलादियो सुटून आला तेव्हा धक्क्यावर कुणी नव्हतं.
साऱ्या गावाला नेमकी त्याच दिवशी कामं निघाली.
संध्याकाळी दुकानात कुणीतरी म्हणालं,
आगीशिवाय धूर निघत नाही.
माना डोलल्या.

आग तर होतीच. धूरही होता.
फक्त तो त्यात नव्हता.

पुढं कुणाचा दोरखंड हरवो, कुणाची कोंबडी,
नजरा आधी त्याच्या कुंपणापर्यंत जाऊन यायच्या,
मग शोध सुरू व्हायचा.

आज मी एक्कावन्न वर्षांची आहे.
मागच्या मार्चमध्ये गेले त्याच्याकडे.
तो होडीच्या सांध्यांत सणाचे धागे कोंबत होता.
मी सगळं सांगितलं, भाकरीसकट.
ऐकतोय की नाही, कळेना.
मग म्हणाला, ती फळी धर जरा.
धरली. पुष्कळ वेळ धरली. हात भरून आले.
तुझं वय काय होतं तेव्हा?
सात.
त्यानं आणखी चार खिळे ठोकले.
बाकीच्यांची वयं मला पाठ आहेत, म्हणाला.

माफ केलं की नाही, सांगता येत नाही.
फळी सोड म्हणाला, एवढं खरं.

परतीच्या बोटीत कठड्याशी दोन बायका उभ्या होत्या.
किनाऱ्यावर तो वाकलेला, लहान लहान होत जाणारा.
एक दुसरीला म्हणाली,
शाळा जाळणारा तो हाच ना?

नाही, मी म्हटलं.
इंजिनाच्या घरघरीत त्यांना ऐकू गेलं नाही.
मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं,
आणि त्या माझ्याकडे वळल्या.